वानरानं नेलेला थर

"मॅडम, तुमचा यावर विश्वास बसणार नाही. नागपूरच्या माणसाचा तर नाहीच बसणार. पण ते वांदर शिकलेलं होतं."

एवढं बोलून अनंतरावांनी पोटावरून हात फिरवला. पोटात कालपासून शिसं बसलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

दारव्ह्याच्या त्या गच्चीवर मे महिन्याचं ऊन असं तापलं होतं की कावळासुद्धा एकेक पाय उचलून चालत होता. समोर तपासणीला आलेल्या आभा मॅडम, बाजूला अनंतरावांची पुतणी केतकी, आणि मधे स्टुलावर केतकीची काळी पाटी. पाटी सोलरचीच, पण दोन थरांची. खालचा थर नेहमीचा. वरचा नव्या जातीचा, कांद्याच्या सालीहून पातळ. वरचा निळा उजेड खातो, खालचा तांबडा. एकाच उन्हात दोघांची पोटं भरतात. जेवणावरून भांडण नाही. भांडण एकत्र राहण्यावरून. ऊन चढलं की वरचा थर धाकट्या भावासारखा वाटणी मागतो आणि पापुद्रा होऊन सुटतो. केतकीनं दोघांच्या मधे स्वतः शोधलेला एक चिकटवणारा थर घातला होता. आज आभा मॅडम पाटीला चिकटपट्टी लावून ओढून बघणार होत्या. थर टिकला तर काम पुढे चालणार. सुटला तर केतकीची प्रयोगशाळा बंद आणि यंत्रं दुसऱ्या कॉलेजात.

कॉलेजच्या गच्चीवर टाकीची सावली पडते, म्हणून पाटी काकांच्या गच्चीवर तापत ठेवलेली. राखणीला काका.

"तू बिनघोर राह्य," काका म्हणाले होते. "सरकारी कचेरीत जन्म गेला माझा. माझ्या टेबलावरचा कागद कधी हलला नाही."

हे मात्र खरं होतं. फाइल एकदा अनंतरावांच्या टेबलाला चिकटली की ती सोडवायला मुंबईहून माणूस यावा लागे. चिकटवण्याचं शास्त्र शिकायला केतकी उगाच कॉलेजात गेली. घरातच प्राध्यापक बसले होते.

"काका, वरच्या थरात शिसं असतं. हात लावू नका."

"मी कायले हात लावतो?"

त्यांनी हात लावला नाही. आंब्याचा रस लावला.

त्याचं असं झालं. सुचित्राकाकू बहिणीकडे पुसदला गेल्या. जाताना बोरी अरबच्या बाजारातल्या आंब्यांचा रस काढून ठेवला आणि बजावलं, "ताटांना तूप लावा, रस पसरा, वाळला की पोळी सोडवा. एवढं तरी करा." ताटं संपली, रस उरला. काकूंच्या राज्यात रस उरणं हा गुन्हा. अनंतरावांची नजर गच्चीभर फिरली आणि त्या गुळगुळीत, तव्यासारख्या तापलेल्या पाटीवर येऊन बसली. ताटात दोन दिवस लागतात, इथं संध्याकाळी पोळी तयार! सोलरचा हा उपयोग अजून न सुचलेल्या शास्त्रज्ञांची त्यांना कीव आली. तूप अर्ध्या पाटीलाच पुरलं. उरलेल्या अर्ध्यावर त्यांनी तसाच रस ओतला.

संध्याकाळी तुपाची बाजू सुटली. बिनतुपाची सुटेना. अनंतरावांनी पाटीवर गुडघा रोवला आणि नळ उपटावा तशी पोळी ओढली. निघाली. एक मोठा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला, गिळला. मग पोळी उलटी केली. खालची बाजू काळी, चकचकीत.

गेला. केतकीचा थर गेला. आणि त्यातला चतकोर आपल्या पोटात!

रात्रभर ते कुशीवर वळायला घाबरत होते. सकाळी मॅडम दारात उभ्या, आणि पाटीवर तपकिरी चिकटा. आता वानराशिवाय तारणारं कोणी नव्हतं.

"शिकलेलं म्हणजे कसं?" आभा मॅडमनी विचारलं.

"म्हणजे त्यानं पाटी आधी उन्हाकडे तिरपी केली. मग नखानं कोपरा उचलला अन् वरचा थर अलगद सोडवला."

"आणि?"

"अन् त्या कडुलिंबावर गेलं. थर उपरण्यावाणी अंगावर घेतला. ऊन पडलं तसे त्याचे डोळे बॅटरीवाणी लागले. खाली हाफिजभाईच्या गॅरेजातला बंद पंखा सुरू झाला. विचारा त्यांना."

शेजारचे हाफिजभाई पाटीची वायर जोडायला वर आले होते आणि उगाच आले असं त्यांना आता वाटत होतं.

"पंखा फिरला काल," ते म्हणाले. "लाइट आल्ती."

"बघा."

"पण वांदर नाही पाह्यलं मी, काकाजी."

"तुम्ही गाडीखाली होता."

"हां. गाडीखाली होतो."

"बघा," अनंतराव मॅडमना म्हणाले, जणू साक्ष पूर्ण झाली.

"आता कुठं आहे ते?"

"झरी जामणीकडं गेलं. जंगलात. पोराबाळांत उजेड न्यायला."

"इतक्या लांब?"

"वांदराले काय एसटीची वाट पाहा लागते?"

केतकी मटकन कठड्यावर बसली. "मग संपलंच, मॅडम. नखानं सुटणारा थर चिकटपट्टीला काय टिकणार? पाठवा यंत्रं."

हे अनंतरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. वानर त्यांनी स्वतःला वाचवायला आणलं होतं. ते पोरीचीच प्रयोगशाळा उचलून चाललं.

"अगं, साधं नख होतं का ते?" ते घाईनं म्हणाले. "वांदर घोड्याएवढं होतं. तुझ्या थरानं लय झुंज दिली. मी स्वतः ऐकली."

"मघाशी अलगद सोडवला म्हणालात," हाफिजभाई पुटपुटले.

"तुम्ही गाडीखाली होता ना?"

आभा मॅडम पाटीवर वाकल्या. त्यांनी रबरी हातमोजा चढवला, पाटीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. ओला कापूस घेतला आणि हळूहळू पाटी पुसत गेल्या. करपलेला रस निघाला. खालून काळाभोर आरसा वर आला. त्यात आभाळ दिसलं, कडुलिंब दिसला आणि घामेजलेले अनंतराव दिसले. मॅडमनी चिकटपट्टी दाबून बसवली आणि झटक्यात ओढली. पट्टी कोरी. बिनतुपाच्या बाजूला लावली, ओढली. पुन्हा कोरी.

केतकी उठून उभी राहिली.

"थर जागेवर आहे," मॅडम म्हणाल्या. "कुठंही सुटलेला नाही."

म्हणजे पोटात नाही! पोळीची काळी बाजू म्हणजे नुसता करपलेला रस! अनंतरावांच्या पोटातलं शिसं क्षणात वितळलं आणि कालपासून अडलेला ढेकर निघाला. गच्चीभर आंब्याचा वास सुटला.

माणसानं इथं थांबावं. पण अनंतराव थांबणाऱ्यांतले नव्हते.

"सांगतच होतो," ते म्हणाले. "ते पहाटे परत आलं. थर पोरीचा आहे हे कळल्यावर पस्तावलं बिचारं. होता तसा चिकटवून गेलं."

आभा मॅडमनी हातमोजा काढला, शांतपणे घडी घातली.

"परत आणून चिकटवला, हे मी मानलं, काका. पण चिकटवण्याआधी अर्ध्या पाटीला साजूक तूप लावायला त्याला कोणी सांगितलं?"