छप्पन्न दारांचा आर

इंग्रजीत सव्वीस अक्षरं असतात. त्यांतली बावीस मला येतात. उरलेली चार आमच्या मिलला लागत नाहीत, म्हणून मीही त्यांच्या वाटेला जात नाही! शाळा मी बाहेरूनच पाहिली. पण सुरतेला आलो, फोल्डिंग खात्यात कापडाच्या गाठींवर शिक्के मारायला लागलो आणि पत्र्याच्या ठशांवरून एकेक अक्षर गिळत गेलो. बमरोलीकडच्या खाडीकाठी आमच्या छप्पन्न झोपड्या. तेवढ्यांत इंग्रजी येणारा मी एकटा. लोक मला 'रायटर' म्हणतात. म्हणू द्या, खोटं काय आहे त्यात?

तर एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात एक सरकारी जीप आली. कुठल्या खात्याची, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची आमची ऐपत नव्हती. दोन माणसं उतरली, खाडीला चिकटलेल्या पाच झोपड्यांच्या दारांवर डांबराने एकेक अक्षर ओढलं आणि निघून गेली. गुराला डाग देतानासुद्धा निदान त्याला धरतात. आम्हाला तेवढाही हात कुणी लावला नाही!

पाचांतलं पहिलं दार काशीबाईचं. विधवा बाई, मिलमध्ये बॉबिन भरायची. ती धावतच आली.

"रायटर, बघ रे बाबा, काय लिहून गेले मेले!"

मी पाहिलं. पोट पुढे काढून, एक तंगडी फाकवून उभा असलेला मुकादमच जणू!

"आर आहे," मी म्हटलं.

"आर म्हणजे?"

इथेच गाडी अडली. अक्षर मला येत होतं, अर्थ नाही. पण सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती.

"आमना यार्डमा डबावर आर मारात का तो डबा रिपेरले जास," हिलाल म्हणाला. हा माझा शेजारी, धुळ्याकडचा, रेल्वेच्या यार्डात हमाल.

"डॉक्टरच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर हाच असायचा," काशीबाई म्हणाली. "आमच्या ह्यांच्या तिन्ही चिठ्ठ्यांवर होता."

"मग?"

"मग काय? गेले की!"

मिलमध्ये खराब कापडाच्या गाठीवर मी स्वतः आर मारतो, हे मी गिळून टाकलं. त्यापेक्षा चांगलं काहीतरी सांगावं!

"पोस्टात रजिस्टर पत्रावर आर असतो," मी ठणकावलं. "ते पत्र हरवत नाही. काशीबाई, तुझी झोपडी रजिस्टर झाली! आता नंबर येईल, नळ येईल. हलवून दाखवा म्हणावं!"

काशीबाईने दारापुढे सडा घातला. आणि बाकीची वस्ती पेटली.

"पाच घरलेच काब्रं?" हिलाल भडकला. "आमनं घर घर नई का? रायटर, मना दारवर बी काढी दे!"

"आमच्याही!" मागून पन्नास आवाज.

त्यांचं काय चुकलं? काहीही वाटायचं झालं की सरकारची शाई पाच घरांतच संपते, हे मी जन्मभर बघत आलोय. मला राग आला. माझा राग अकलेपेक्षा दोन पावलं पुढे चालतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी मिलमधून आरचा ठसा, ब्रश आणि काळ्या शाईचा डबा आणला. आणला म्हणजे उचलला! ही शाई रॉकेलने जात नाही, घासून जात नाही.

सकाळपासून लोकांनी रांग लावली. कुणी दार धुऊन ठेवलं, कुणी म्हणे, "जरा वर मार, पोरं पुसतील."

"पोरं काय, सरकारचा बाप आला तरी पुसणार नाही!"

सरकारी आर दारुड्यासारखा कलंडलेला. माझा आर परेडमधल्या शिपायासारखा ताठ!

चंद्रभागा, माझी बायको, म्हणाली, "आधी आपल्या दारावर मारा."

"पुढाऱ्याने शेवटी घ्यावं."

"तुम्ही पुढारी कधी झालात?"

पन्नासावं दार झालं आणि डबा संपला. आमचं एकट्याचं दार कोरं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटली, तसा शाईचा नवा डबा घेऊन मी परत आलो. वस्तीच्या तोंडाशी तीच जीप, मागे दोन ट्रक आणि पोलीस. काशीबाईची झोपडी आडवी पडली होती. ती सड्यावर बसली होती, मांडीवर पातेली घेऊन.

साहेबाच्या हातात कागद. "लिस्ट में पाँच है," तो कारकुनाला म्हणाला, "यहाँ तो पचपन दिखते हैं।"

"टाइपिस्ट एक पाँच खा गया होगा, साब।"

साहेबाने पेन काढलं, पाचाच्या शेजारी आणखी एक पाच बसवला. "चलो।"

मी धावलो. "साहेब, आर म्हणजे काय?"

"क्या मालूम? हुकुम है। जिस पे आर, वो गिराओ।"

म्हणजे अक्षर त्यालाही येत होतं, अर्थ त्यालाही नाही! फरक एवढाच, की त्याच्याकडे ट्रक होते.

हिलालचं छप्पर उतरत होतं. तो छपराकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"साब!" मी ओरडलो. "पाँच ही सच्चे हैं! बाकी पचास मैंने मारे! मेरे हाथ के हैं!"

साहेबाने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. फाटकं बनियन, केसांत कापूस.

"तूने? ये तो खाते के पेंटर का काम है। झोपड़ेवाला इतना सीधा अक्षर निकालेगा?"

पोलीस हसले. चोर म्हणाला असता तर चाललं असतं, आत टाकलं असतं तरी चाललं असतं. पण माझं अक्षर माझं नाही म्हणतो?

"दिखाता हूँ!"

सगळ्या वस्तीत एकच दार कोरं होतं. ठसा टेकवला, डबा उघडला.

"अहो, काय करताय!" चंद्रभागा आतून किंचाळली.

पण ब्रश फिरला होता.

"देखो! वही है के नहीं?"

साहेब जवळ आला. बोट लावून शाई पाहिली. मान डोलावली. मला वाटलं, पटलं!

मग त्याने कागद काढला आणि पंचावन्न खोडून छप्पन्न केलं.

दार तेवढं शाबूत निघालं. पावसाळाभर तेच आमचं छप्पर होतं. आडवा पडलो की आर बरोबर डोळ्यांसमोर. खोटं कशाला बोलू, छप्पन्नांत सगळ्यात सुबक तोच आला होता! चंद्रभागेला मात्र हे अजून सांगितलेलं नाही.