अण्णांची येण्या-जाण्याची वही

अशा लांब काय बसलाय? या, जवळ सरका. वर्षातून चारदा कोल्हापुरात येता, अंबाबाईच्या पाया पडता आणि परस्पर निघून जाता. आमच्या गल्लीत डोकवायला पाय मोडतात काय तुमचे? आला असता तर अण्णा भेटले असते. चहा नंतर, आधी वहीत नाव लिहायला लागलं असतं.

थट्टा नाही हो. अण्णांच्या दारामागं खिळ्याला एक लांबडी वही टांगलेली आहे. नाव, कोठून आले, आल्याची तारीख, गेल्याची तारीख, वास्तव्याचे दिवस. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की वही पुढं. मी भिंतीला भिंत लावून राहणारी, पण वाटीभर साखर मागायला गेले तरी सही. गणपतीसुद्धा सुटत नाही. नाव, श्री गणपती. कोठून, पापाची तिकटी, मूर्ती तिथनं आणलेली. वास्तव्य, दीड दिवस. सहीच्या जागी अण्णांनी कुंकवाचं बोट टेकवलेलं.

सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले ते कचेरीतून, कारकुनीतून नाही. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न, "नियमात बसतंय काय?" एकदा एका लग्नात वरमाईनं प्रेमानं म्हटलं, "बसा की अण्णा, पंगत वाढलीया." अण्णा उभेच. "ह्या पंक्तीला मुलाकडची मंडळी असं सांगितलंय. मी मुलीकडचा. नियमात बसत न्हाय." आणि पुढची पंगत बसेपर्यंत उपाशी उभे राहिले.

बायको लवकर गेली त्यांची. मागं एकच लेक, वैशाली. तिची वेणी मी घातली, पहिली नऊवारीही मीच नेसवली. पोरगी डोक्यानं तल्लख. अठ्ठ्याण्णव साली शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला लागली. ओतकामाच्या साच्यांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर काढायची. काळ्याकुट्ट बाप्यांच्या गर्दीत एकटी पोरगी, पण भट्टीवरचा म्हाताराही म्हणायचा, "ताईच्या ड्रॉइंगचा साचा कधी फुटत न्हाय." हे सांगताना ती अशी फुलायची, की नव्या साडीनंसुद्धा बाई तेवढी फुलत नाही.

मग लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. नवऱ्याला तिथं नोकरीचा परवाना, तिला नुसता बायको म्हणून राहायचा. फौंड्रीचा मालक म्हणाला, "ताई, जाताना कॉम्प्युटर सोडून जाऊ नका. तिकडनं ड्रॉइंग धाडा, पगार हितल्या बँकेत टाकतो." ती तिथं बसून रेघा ओढायची, ई-मेलनं पाठवायची आणि शिरोलीत लोखंड ओतलं जायचं. मला तर जादूच वाटायची. अण्णांना वाटली भानगड.

"अक्का, मला सांगा," ते भिंतीवरून विचारायचे. "बोटं अमेरिकेत, लोखंड शिरोलीत, पगार भवानी मंडपाच्या बँकेत. मग काम कुठं झालं?"

"झालं की न्हाय ते बघा. कुठं झालं ते कशाला?"

"कुठं झालं तेच तर मुद्द्याचं."

झालं! पुढचे चार महिने अख्ख्या गल्लीला एकच प्रश्न. कराचं काम बघणाऱ्यानं सांगितलं, वर्षात किती दिवस कुठल्या देशात राहते ते मोजा. अण्णा खूश, वही होतीच! वकील म्हणाले, "अण्णा, नवऱ्याच्या जिवावर गेलेल्या बाईला तिथं काम करता येत न्हाय. पण हितल्या मालकाचं, हितल्या पगाराचं? ते धूसर हाय. कुणी इचारत न्हाय, तवर गप बसा." न्हाव्यानं सांगितलं, "केस हितं पडतात, तर कटिंग हितंच झालं." अण्णांना त्यातल्या त्यात न्हाव्याचं पटलं होतं. पण वकिलाचं ते 'गप बसा' काही पचेना.

"इचारलं न्हाय म्हंजे नियमात बसलं, असं न्हाय अक्का. उद्या कुणी पोरीला विमानतळावर अडवलं तर? कागद नको हातात?"

पोरीची काळजी होती हो ती. फक्त काळजी कशी करायची ते त्यांना कचेरीनं शिकवलेलं. शंका आली की वरच्याला पत्र लिहायचं, खुलासा मागवायचा. खुलासा आला की फाईलला लावायचा आणि निवांत झोपायचं.

एका दुपारी आले. "अक्का, जावयाच्या कंपनीचा पत्ता हाय काय तुमच्याकडं?"

होता. लग्नात जावयानं मला कार्ड दिलं होतं, "काकू, कधी काही लागलं तर." मी ते शिवणाच्या डब्यात जपून ठेवलेलं. काढून दिलं. कशाला हवंय, विचारलंसुद्धा नाही. कुणी माझ्याकडं काही मागितलं की मला जरा मोठेपणा वाटतो. तो तसाच वाटला.

अण्णांनी कंपनीला रजिस्टर पत्र धाडलं. इंग्रजीत, तीन प्रतींत. आपल्या अमुक कर्मचाऱ्याची पत्नी, माझी कन्या, आपल्या देशात राहून कोल्हापूरच्या कारखान्याचं काम करते. ते नियमात बसते किंवा कसे, याचा खुलासा व्हावा, ही विनंती.

महिन्याभरानं रविवारी सकाळी फोन आला. मी त्यांच्या सोप्यात लसूण सोलत होते. अण्णा कानानं कमी, म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. सगळं ऐकू आलं.

"अण्णा, तुम्ही पत्र लिवलं?"

"व्हय. आला काय खुलासा?"

"ह्यांना साहेबानं केबिनमध्ये बोलवलं. कंपनीच्या वकिलानं सांगितलं, बायकोचं काम आजच्या आज बंद करा, न्हायतर तुमचाच परवाना धोक्यात येईल. केलं बंद. मालकांना कळवून टाकलं."

"अगं, मी फक्त खुलासा मागवला."

"अण्णा, मी माणूस हाय की फाईल?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. अण्णांनीही रिसीव्हर जागेवर ठेवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे नियमात बसत नव्हतंच. माझी शंका बरोबर निघाली."

मला इतका राग आला, की सोललेला लसूण तिथंच टाकून उठले. पण खरं सांगू? शंका बरोबरच होती. तेच तर वाईट. चुकले असते तर माफी मागता आली असती. बरोबर निघालेल्या माणसानं काय मागायचं?

त्याला आता सहा वर्षं झाली. वैशूला मधे एक मुलगा झाला, आम्ही फोटोत पाहिला. परवा तिला कामाचा परवाना मिळाला म्हणे, पण शिरोलीची ती भट्टी केव्हाच थंड पडली. संक्रांतीला मला फोन करते. शेवटी एकच विचारते, "अण्णा बरे हैत न्हवं?" आणि ठेवते. मीही "हैत की" एवढंच म्हणते. कार्डाचं आजवर बोलले नाही. दोष सगळा अण्णांच्या पत्रावर राहिला, मी त्यांच्या आडोशाला.

मागल्या महिन्यात अण्णांना ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, तर अण्णा अंथरुणातून, "अक्का, डॉक्टरांची नोंद करा." वही भरलेली होती. म्हणाले, "कपाटात कोरी असंल." कपाटात जुन्या वह्यांची चळत, कोरी अगदी तळाला. उपसता उपसता सगळ्यात जुनी हातात आली. उघडली.

पहिलंच नाव, कु. वैशाली. कोठून, नेसरी. वहिनी, म्हणजे अण्णांची बायको, बाळंतपण करून माहेराहून लेकीला घेऊन एस.टी.नं आल्या, तो दिवस. म्हणजे ही वही, जिला सारी गल्ली तीस वर्षं हसली, ती पोर घरात आली म्हणून सुरू झालेली.

गेल्याच्या रकान्यात लग्नाची तारीख नव्हती. विमानाचीही नव्हती. तिथं नंतरच्या, थरथरत्या अक्षरात लिहिलेलं, 'कामानिमित्त बाहेर.' खाली तारीख नाही. तारीख न घालता अण्णांनी लिहिलेली तेवढी एकच ओळ असेल.

मी वही त्यांच्यापुढं धरली. "अण्णा, हे नियमात बसतंय काय?"

अण्णांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. "न्हाय बसत," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या."

तर वैशू, हे कुणी लिहून घेतलं आणि तुला वाचून दाखवलं, तर ऐक. कंपनीचा पत्ता मी दिला, माझ्या शिवणाच्या डब्यातनं. भांडायचं तर माझ्याशी भांड, पण त्यासाठी हितं यायला लागतंय, फोनवर मला भांडता येत न्हाय. पोराला घेऊन ये. त्याला वहीत सही करायला लागंल, त्याची सुटका न्हाय. तुला लागत न्हाय. तुझी नोंद अजून चालू हाय.

ये लवकर.