चार मापं राजमा

"अवं, तुमी सैपाक करणार?" फोनवर तुळजाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. बहिणीकडं तुळजापूरला आठ दिवस राहून त्या आज दुपारी परंड्याला परतणार होत्या.

"येताना जेवून येऊ नकू, एवढंच सांगतो!"

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण बलभीमरावांना असा हुरूप कधी चढला नव्हता. सुनेनं, हर्षालीनं, मोबाइलवर 'चिली' नावाचा प्रकार दाखवला होता. राजमा, गाजर, ढबू मिरची, टोमॅटो, मका, सगळं एकत्र, मंद आचेवर सहा तास.

सकाळीच हर्षालीनं भिजवलेल्या राजम्यावरचं झाकण काढलं आणि ती किंचाळली. "मामा, किती घातलाय हो?"

"तूच म्हणलीस, चार मापं."

"वाटीची मापं! तुमी धान्य मोजायच्या मापट्यानं घातला व्हय?"

राजमा फुगून पातेल्याबाहेर आला होता. बलभीमराव खचले नाहीत. राजम्याच्या हिशेबानं भाज्या वाढवल्या, अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि शेजारच्या हरिबाकडं मोठी कढई मागितली.

"एवढी मोठी? कोण येतंय?" हरिबानं विचारलं.

बायकोचं नाव चारचौघांत कसं घ्यावं? बलभीमराव लाजले. "तुळजापूरहून येतीय," एवढंच म्हणाले.

हरिबानं झटकन पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले.

दुपारी कढईत लालभडक चिली रटरटत होती आणि अंगणात अख्खी गल्ली जमली होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या ओटी. हलगीही आली होती. तेवढ्यात पिशवी घेऊन तुळजाबाई फाटकात उभ्या राहिल्या.

"वहिनी, वाट सोडा," हरिबा ओरडला. "देवी येतीय!"

"कसली देवी?" बलभीमराव गोंधळले. "ही काय, आली की!"

क्षणभर हलगी थांबली, मग सगळं अंगण खदखदून हसलं. तुळजाबाई लाजून लालबुंद झाल्या. पण दारी आलेली माणसं उपाशी कशी पाठवायची? त्यांनी पदर खोचला आणि पंगत वाढायला घेतली. माणसं बोटं चाटत होती, पुन्हा मागत होती.

शेवटी कढईच्या बुडाशी चिकटलेली खरवडच उरली. बलभीमरावांचा चेहरा उतरला. "तुझ्यासाठी केलं, आन् तुलाच जळकं."

तुळजाबाईंनी उलथण्यानं खरवड काढली, एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. मग दुसरा. मग तिसरा.

"आत्या, मला बी चव बघू द्या की," हर्षालीनं हात पुढं केला.

तुळजाबाईंनी ताट उचलून मांडीवर घेतलं. "तुला उद्या करतील की. मामाला सांग."