फोटो काढून झाल्यावर ही ओळ काढावी

प्रत्येक सुशिक्षित माणसाला जगाला काहीतरी सांगायचे असते आणि जगाला ते ऐकायचे नसते. या दोन पक्षांमध्ये कायमची तेढ राहू नये म्हणून जी व्यवस्था निघाली, तिला वैयक्तिक ब्लॉग म्हणतात. तिच्यात सांगणाऱ्याचे सांगून होते, ऐकणाऱ्याला ऐकावे लागत नाही आणि दोघांचे संबंध चांगले राहतात. इतका समंजसपणा कुटुंबसंस्थेलाही अजून जमलेला नाही.

आमच्या कार्यालयात असा ब्लॉग चालवणारा एकच माणूस आहे. त्याला आम्ही संपादक म्हणतो. हुद्द्याने तो प्रोग्रामर. माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तो प्रोग्राम लिहितो आणि मी त्यातल्या चुका शोधतो, त्यामुळे आमची मैत्री घट्ट आहे (एकाचे पोट दुसऱ्याच्या चुकांवर चालत असले की माणसे एकमेकांच्या तब्येतीला जपतात).

त्याच्या ब्लॉगचा मी बारकाईने अभ्यास केला आहे. साधारण निम्मे लेख 'बरेच दिवस लिहिणे झाले नाही, क्षमस्व' या विषयावर आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेक लेखांत ब्लॉगचे जुने रूप जाऊन नवे का आणले, याची कारणमीमांसा आहे. रूप बदलण्यात इतका वेळ जातो की लिहिणे होत नाही, आणि लिहिणे न झाल्याची क्षमा मग नव्या रूपात मागावी लागते. असा हा उद्योग पूर्णपणे स्वावलंबी आहे. बाहेरून विषय आयात करण्याची गरज पडत नाही.

मात्र एकदा संपादकाच्या हातून एक उपयोगी लेख लिहिला गेला. असे अपघात होतात. विषय साधा होता. नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्या माणसाने बटण दाबले की नोंद दूरच्या संगणकाकडे कशी पाठवावी, तिकडून पोच येईपर्यंत स्क्रीनवर गोल फिरणारे चक्र कसे दाखवावे, आणि पोच आली की ते कसे घालवावे. सोबत आयता कोड दिला होता. लेखाला शोभा यावी म्हणून संपादकाला त्या फिरत्या चक्राचा फोटो हवा होता. पण कोड चांगला उतरल्यामुळे (हेही क्वचितच घडते) पोच लगेच येई आणि फोटो काढायच्या आत चक्र गायब होई. तीनचारदा हुकल्यावर त्याने कोडमध्ये एक ओळ घातली. तिचा अर्थ असा की, पोच आली तरी पाच सेकंद थांब. स्वतःच्या आठवणीसाठी शेजारी टीपही लिहिली: 'फोटो काढून झाल्यावर ही ओळ काढावी.' फोटो सुरेख आला. त्या आनंदात लेख प्रसिद्ध झाला, ओळ आणि टीप दोन्हींसकट.

आता प्रोग्रामर लोकांच्या एका उदात्त परंपरेची ओळख करून देणे भाग आहे. शाळेत शेजारच्याच्या वहीत डोकावून लिहिले तर वर्गाबाहेर उभे करतात. तेच मोठेपणी पगार घेऊन केले की त्याला पुनर्वापर म्हणतात, आणि जो करत नाही त्याला कंपनीचा वेळ वाया घालवल्याबद्दल समज मिळते. या परंपरेनुसार संपादकाचा कोड एकाने उचलला, त्याच्याकडून दुसऱ्याने घेतला, आणि बघता बघता तो बँकांत गेला, पाणीपट्टीच्या खिडक्यांवर गेला, तिकीटविक्रीत आणि ग्रंथालयांत गेला. ओळ गेली तशी तिची टीपही गेली. लोक बेजबाबदार होते असे मुळीच नाही. प्रत्येकाने टीप नीट वाचली. पण फोटो कोणी काढायचा, कशाचा काढायचा आणि तो काढून झाला आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस कोणत्याच कार्यालयात नव्हता. अशा परिस्थितीत ओळ काढायची जबाबदारी कोण अंगावर घेणार? एका मोठ्या कंपनीत यावर बैठक झाली आणि 'फोटो प्रलंबित आहे असे गृहीत धरून' ओळ जपून ठेवण्याचे ठरले.

संपादकाला यातले काहीच ठाऊक नव्हते. ब्लॉगवर येणारी माणसे वाढल्याचे त्याला दिसत होते, पण ती मथळ्याचा आकार बदलल्यामुळे येत आहेत अशी त्याची समजूत होती.

ठाऊक झाले ते वहिनींमुळे. वहिनी म्हणजे संपादकाची बायको. त्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोंदणीच्या खिडकीवर बसतात. या रांगेचे वैशिष्ट्य असे की तिच्यातली माणसे नियमानुसार उपाशीपोटी आलेली असतात. भरल्या पोटी लोकशाहीवर विश्वास असणारी माणसेही तिथे पुढच्याच्या खांद्यावरून हात घालून खिडकीची काच वाजवतात.

एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो.

"भावजी, तुम्ही दोघं कॉम्प्युटरवाले, मला एक सांगा," वहिनी वाढता वाढता म्हणाल्या. "आमच्याकडे नवीन प्रोग्राम आलाय. एक नाव घातलं की मेलं चक्र फिरत बसतं. रांग हलत नाही आणि लोक माझ्याकडे बघतात. काल एक आजोबा म्हणाले, बाई, हात चालवा जरा, मला चक्कर येतेय. कुठे चालवू हात? मी तर बटण दाबून मोकळी झालेली असते."

"कसं असतं चक्र?" संपादकाने विचारले.

"निळं. एका बाजूला फट असलेलं."

संपादकाचा घास हातातच राहिला. निळा रंग त्याने तीन दिवस विचार करून निवडला होता, आणि त्या फटीचा तर त्याला अभिमान होता.

"साहेबांनी सांगितलंय, महिनाअखेर तक्रारी थांबल्या नाहीत तर मला खिडकीवरून काढून नमुन्यांच्या खोलीत बसवणार," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. "मला माणसं लागतात हो. दिवसभर बाटल्यांशी काय बोलू मी? ज्या शहाण्याने ते चक्र बसवलंय ना, तो एकदा भेटू दे. उपाशीपोटी उभा करते त्याला माझ्या खिडकीसमोर."

तो शहाणा त्या वेळी त्यांच्याच हातची दुसरी पोळी घेत होता. त्याने ती निमूटपणे परत ठेवली.

मला सोडायला खाली येताना जिन्यात त्याने मला सगळे सांगितले. मी म्हटले, आत्ताच्या आत्ता वर जाऊन कबूल कर. तो म्हणाला, "आधी ओळ काढतो, मग सांगतो. म्हणजे गुन्हा आणि दुरुस्ती एकदमच कळेल." ही पद्धत आमच्या व्यवसायात सर्वमान्य आहे. त्याने ब्लॉगवरची ओळ लगोलग काढली, पण त्याचा उपयोग झाला नाही, कारण एकदा उचललेला कोड बरा आहे ना हे बघायला पुन्हा कोणी मूळ जागी जात नाही. राहता राहिला एक उपाय: उचलणारे सगळे एका छताखाली जमतील तिथे उभे राहून सांगणे. आणि योगायोगाने वर्षातला सर्वाधिक पुनर्वापर झालेल्या लेखाचा लेखक म्हणून प्रोग्रामरांच्या परिषदेचे त्याला त्याच आठवड्यात निमंत्रण आले. मीही गेलो.

या परिषदेबद्दल मला नितांत आदर आहे. एरवी संगणकाकडे बघत एकटी बसणारी माणसे वर्षातून दोन दिवस एका सभागृहात येतात आणि संगणकाकडे बघत एकत्र बसतात. प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी लोंबत असल्यामुळे माणसे एकमेकांच्या पोटाकडे बघून हसतात. माझ्या पाहणीनुसार शंभरातले चाळीस नोकरी शोधायला येतात, चाळीस नोकरी द्यायला येतात, आणि दोन्ही गट एकमेकांकडे पाठ करून फुकटच्या टी-शर्टच्या रांगेत उभे राहतात (टी-शर्ट एकाच मापाचा असतो, ते माप कोणाचेच नसते). उरलेले वीस वक्ते असतात. खरे विचारमंथन भिंतीतल्या चार्जिंगच्या प्लगपाशी होते, कारण फोन लावलेला असल्यामुळे तिथून कोणाला हलता येत नाही.

संपादकाच्या आधी एका तज्ज्ञ बाईंचे भाषण होते. विषय: 'विश्वासाचे पाच सेकंद'. ते निळे चक्र पाचच सेकंद का फिरते यामागे केवढा खोल विचार आहे, हे त्यांनी आलेख काढून दाखवले. चार सेकंदांनी काम उरकल्यासारखे वाटते आणि सहा सेकंदांनी रखडल्यासारखे. पाच या आकड्यापर्यंत पोचणाऱ्या माणसाला मानवी मनाची विलक्षण जाण असली पाहिजे, असे म्हणून त्यांनी पहिल्या रांगेतल्या संपादकाकडे हात केला. सभागृह उभे राहिले. संपादकालाही उभे राहावे लागले.

मग तो व्यासपीठावर गेला. बावीस पानांचे सादरीकरण त्याने उघडलेच नाही.

"ती ओळ मी फोटोसाठी घातली होती," तो म्हणाला. "फोटो काढून झालाय. कृपा करून ती काढून टाका. माणसं उपाशी उभी आहेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढे मोठे काम करून त्याचे श्रेय नाकारणारा माणूस त्या परिषदेने आजवर पाहिला नव्हता. प्रश्नोत्तरांत एकाने विचारले, फोटो काढून झाल्याचा काही पुरावा आहे का? संपादकाने ब्लॉग उघडला. ब्लॉगच्या तिसऱ्या नव्या रूपात जुने फोटो उडाले होते. पुराव्याअभावी ओळ आहे तशी राहू द्यावी, असे अध्यक्षांनी जाहीर केले आणि त्याला स्मृतिचिन्ह दिले. ते निळ्या काचेचे चक्र होते. एका बाजूला फट होती.

पण संपादक हट्टाला पेटला होता. प्रयोगशाळेला प्रोग्राम पुरवणाऱ्या कंपनीचा व्यवस्थापक त्याला प्लगपाशी सापडला. बिचाऱ्याचा फोन नुकताच लावला होता, त्यामुळे त्याला सगळे ऐकून घ्यावे लागले. बॅटरी निम्मी भरेपर्यंत तो नरमला आणि एका प्रयोगशाळेपुरती ओळ काढून बघायला तयार झाला.

मंगळवारी वहिनींच्या खिडकीवरचे चक्र गेले. पुढची हकीकत त्यांनीच मला सांगितली ती अशी.

पहिल्या बाईंचे नाव घातले, बटण दाबले, आणि वहिनी आनंदाने म्हणाल्या, "झालं."

"काय झालं?"

"नोंद झाली."

"इतक्यात? अहो, नीट बघा ना. माझं रक्त आहे ते."

दुसऱ्याने नोंद पुन्हा करायला लावली. तिसरा पावती घेऊन गेला, दारातून परत आला आणि आपल्याच नावाची झाली ना हे विचारून गेला. चौथ्याने कालच्या बाई कुठे आहेत, त्या निदान वेळ देऊन काम करायच्या, असे विचारले. (कालच्या बाई वहिनीच होत्या.) दुपारपर्यंत रांग दाराबाहेर गेली. संध्याकाळी साहेबांनी बोलावून सांगितले की आधी फक्त संथपणाच्या तक्रारी होत्या, आता निष्काळजीपणाच्या आहेत, तेव्हा आठवडाभरात नमुन्यांच्या खोलीत जायची तयारी ठेवा. त्या दिवशी घरी येऊन वहिनी रडल्या. संपादकाने तेव्हाही काही सांगितले नाही. तो नुसता चहा करत राहिला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बटण दाबले, कपाळाला आठ्या घातल्या, पेन ओठाला लावले, मनातल्या मनात पाच मोजले, "हं" म्हणाल्या आणि मग पावती दिली. खिडकीसमोर समाधान पसरले. हात चालवा म्हणणारे आजोबा आपल्या मुलीला म्हणाले, "या बाई बघून करतात." रांग पहिल्याइतकीच लांब होती, पण तक्रार एकही आली नाही. आधी लोकांना फक्त रिकाम्या बसलेल्या वहिनी दिसत होत्या. आता त्यांना काम होताना दिसत होते. आठवडाअखेर साहेबांनी शेरा मारला की कामात लक्षणीय सुधारणा आहे. खिडकी वाचली.

त्या रविवारी मी पुन्हा जेवायला गेलो. वहिनी कपाळाला बाम चोळत बसल्या होत्या.

"ते चक्र मी बसवलं होतं," संपादक एकदाचा म्हणाला.

वहिनींनी चोळायचे थांबवून त्याच्याकडे बघितले. "तू?"

"मी. फोटोसाठी."

"मग उद्याच परत बसव. दिवसाला दोनशे वेळा आठ्या घालून डोकं ठणकतं माझं. मी स्क्रीन लोकांकडे वळवून ठेवीन. त्यांना बघू दे काय बघायचं ते."

"रागावली नाहीस?"

"रागावणार आहे. आधी बसव."

चक्र परत बसले. लोक त्याच्याकडे बघत शांत उभे राहतात आणि वहिनी तेवढ्यात पुढच्या माणसाची विचारपूस करतात. प्रयोगशाळेची ख्याती वाढली आहे. वहिनी ठरल्याप्रमाणे रागावल्या, पण तो भाग कौटुंबिक असल्याने इथे दिलेला नाही.

संपादकाने सगळा खरा प्रकार ब्लॉगवर तीन वाक्यांत लिहिला. त्याचा पुनर्वापर कोणीही केला नाही. खाली एकच अभिप्राय आला: 'एवढंच? सविस्तर लिहा.' म्हणून ते काम मी अंगावर घेतले. ही हकीकत मी आधी चौघांना तोंडी, त्याच तीन वाक्यांत सांगून पाहिली. चौघांनीही मला थापाड्या ठरवले. तेव्हा तुमच्यासाठी लिहिताना मी मध्ये परिषद घातली, आलेख घातले, कोणाच्याच मापाचे नसलेले टी-शर्ट घातले, आणि थोड्या थोड्या अंतराने कंस ठेवले. सांगायचे होते ते केव्हाच सांगून झाले होते. पण तुम्ही इथपर्यंत थांबलात, म्हणजे आता तुमचा विश्वास बसला असेल.