उरलेली साडेबावीस मिनिटं

कवडूभाऊंनी एकदा भद्रावतीच्या बाजारात प्लास्टिकची बादली घेतली. घेतली म्हणजे, आधी दुकानदाराकडून ती पाण्याने काठोकाठ भरून घेतली, खाली कोरडा कागद पसरला, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि दुकानासमोर उकिडवे बसले. पाच मिनिटं दुकानदाराला गंमत वाटली. विसाव्या मिनिटाला त्याने हात जोडले.

"काका, फुकट घेऊन जा, पण उठा. लोकं म्हणून राह्यले, म्हातारा धरण्यावर बसला म्हणून."

"घाई हाय का?" कवडूभाऊ म्हणाले, आणि अर्धा तास पुरा करूनच उठले. कागद कोरडा होता. पैसे पूर्ण दिले.

हा आजार त्यांना आमच्या कारखान्यात जडला. आम्ही लिग्नाइटची पूड बनवतो. लिग्नाइट म्हणजे पुरता कोळसा न झालेला कोळसा. आमच्या जिल्ह्याच्या पोटात कोळसाच कोळसा, पण हा कच्चा माल ट्रकने परराज्यातून येतो. तो दळायचा, त्यात कुजक्या मासळीसारख्या वासाचं रसायन मुरवायचं, आणि पोती भरायची. तेलाच्या विहिरी खणताना भोकात जो तेलात कालवलेला चिखल फिरवतात, त्यात ही पूड घालतात. ती भोकाच्या भिंतीवर लेपासारखी बसते आणि चिखलातलं तेल खडकात झिरपू देत नाही. गळती थांबवणं, एवढंच तिचं काम. पोती भरणाऱ्या बायांच्या छातीत जी पूड जाते ती काय थांबवते, याची चाचणी मात्र आमच्याकडे नाही.

चाचणीच्या टेबलावर कवडूभाऊ, आणि त्यांच्या हाताखाली मी. पूड घातलेला चिखल पोलादी डब्यात भरायचा, डबा तापवायचा, वरून गॅसचा दाब द्यायचा आणि खालच्या गाळणकागदातून किती तेल गळतं ते नळीत मोजायचं. वेळ तीस मिनिटं. यात एक पळवाट सगळ्यांना ठाऊक असते. साडेसात मिनिटांनी मोजायचं आणि दुप्पट करायचं; गळती पुढे मंदावत जाते, म्हणून चौपट नाही. बहुतेक वेळा आकडा जुळतो. 'बहुतेक'वर देश चालतो, तर कारखाना का नाही चालणार?

"अन् बाकीचे साडेबावीस मिनिटं कोणाच्या बापाचे?" कवडूभाऊ विचारायचे, आणि स्टूल ओढून नळीसमोर बसायचे. त्या वेळात बोलायचं नाही. बाजूला चहाला साय धरायची.

त्यांच्या भावाकडे पुतणीला पाहायला माजरीचे पाहुणे आले, तेव्हाही ते असेच बसले. मुलाचे वडील आल्याआल्या म्हणाले, "आपल्याले काहीच नको, फक्त पोरगी द्या." बैठक खूश. चहा झाला, पोहे झाले, लोक उठायला लागले. कवडूभाऊ हलेनात. "बसा ना भाऊ, घाई हाय का?" पाहुणे बसले. गप्पा संपल्या, पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि पंचविसाव्या मिनिटाला मुलाचे वडील खाकरले, "बस, पोराले एक गाडी तेवढी पाहा. चारचाकी असली तर बरं."

"गळला," कवडूभाऊ म्हणाले, आणि पाहुण्यांच्या चपला सरळ करायला दाराशी गेले.

माझं नाव संघर्ष. वडिलांनी मला युनियनच्या पत्रकांवर वाढवलं. अक्षरओळख त्यांवर, पुस्तकांना कव्हरं त्यांची. मोठा झाल्यावर मीही लिहायला लागलो. कंत्राटी मजुरांसाठी काढलेलं माझं पहिलं पत्रक कवडूभाऊंनी अर्धा तास वाचलं. एकच पान होतं.

"भाषा जोरदार हाय बाबू," ते म्हणाले. "पण तू यात सारा वेळ उभाच हाय. कधी बसशीन?"

मला राग आला होता.

मग ती खेप आली. वरून घाई होती म्हणून मॅनेजरसाहेबांनी रसायन मुरायच्या आतच माल भरायला लावला. ट्रकवर ताडपत्री बांधून तयार. आम्ही डबा लावला. साडेसात मिनिटांनी आकडा उत्तम. कवडूभाऊ बसून राहिले. विसाव्या मिनिटानंतर थेंबांची धार झाली.

"नापास," ते म्हणाले.

साहेब ओरडले नाहीत. ते पोती भरणाऱ्या बायांकडे गेले आणि म्हणाले, "आज हा ट्रक गेला नाही तर उद्यापासून वीस जणींनी येऊ नका." मग आपल्या खोलीत जाऊन बसले. पुढचा दाब त्यांना द्यायचा नव्हता, तो आम्हीच एकमेकांना देणार होतो.

त्या बायांतली शांताबाई डोक्याचा फडका सोडून दारात उभी राहिली. "भाऊ, तुमच्या त्या थेंबापायी आम्ही घरी बसाव का? लिहून टाका ना काहीतरी."

"बाई, पूड पकडूनच नाई राह्यली," कवडूभाऊ म्हणाले. "मी कसा लिहू?"

तेव्हा मी बोललो. चांगला बोललो. कुठल्या तरी तेल कंपनीच्या भोकात जमिनीखाली चार थेंब जास्त गळाले तर आपलं काय जातं? आधी माणूस, मग आकडा. तुमचा प्रामाणिकपणा या बायांच्या पोटावर उभा आहे. बाया माझ्या बाजूने झाल्या. शांताबाई रडली. मी साडेसात मिनिटांचा आकडा घेतला, दुप्पट केला, तीस मिनिटांच्या रकान्यात लिहिला आणि खाली सही केली. कवडूभाऊ नळीकडे पाहत होते. ट्रक गेला.

त्यांना दुसऱ्या दिवशी टेबलावरून काढून कच्च्या मालाच्या ढिगावर पाणी मारायला लावलं. बाया त्यांच्याशी बोलेनात. आठ दिवसांनी त्या वीस जणींना काढलंच. मी त्यावर पत्रक लिहिलं. त्यात ट्रकचा उल्लेख नव्हता.

महिन्याभरात माल परत आला. पूड विहिरीत टिकली नव्हती. घेणाऱ्यांची माणसं आली आणि सही कोणाची म्हणून विचारायला लागली. चौकशीला बसले तेच मॅनेजरसाहेब. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला पहिल्यांदाच पाहताहेत. साहेबांचा हुकूम होता, हे एकच वाक्य मला बोलायचं होतं. असली वाक्यं मी शेकड्यांनी छापली होती. मी टेबलावरचा सहीचा कागद सरळ करत राहिलो.

कवडूभाऊंना ढिगावरून बोलावलं. भुवयांपर्यंत तपकिरी झालेले ते दारातच उभे राहिले.

"पोराची चूक नाई," ते म्हणाले. "साडेसात मिनिटाचं मीच शिकवलं त्याले. दुप्पट करून लिही म्हटलं होतं मी."

इतक्या वर्षांत त्यांनी एक थेंब खोटा लिहिला नव्हता. साहेबांना ते माहीत होतं, मलाही. साहेबांनी ती कबुली लगेच कागदावर उतरवली.

त्यांना त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. मी सायकल स्टँडपाशी त्यांना गाठलं.

"काऊन बोलले तुम्ही खोटं?" मी जवळजवळ भांडलोच.

ते सीटवरची पूड हाताने झाडत होते. "तू आता घरी जाशीन," ते म्हणाले. "आई विचारन, काय झालं गा आज? तुले तिले सांगा लागन. मले घरी कोण विचारते?"

चार वर्षं आम्ही एका टेबलावर होतो. त्यांच्या घरी कोण आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

ते सायकलवर बसले नाहीत. हाताने ढकलत, हळूहळू, रस्त्याच्या कडेने गेले. मी घरी आलो. आईने पाण्याचा गडवा पुढे केला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं गा आज?"

"काई नाई," मी म्हणालो.