अठरा मिनिटं मागे

मुख्य कार्यालयातून ते पत्र आलं तेव्हा वजनमापे तपासणी कार्यालयात चहा चालू होता. पत्र एवढंच होतं: ‘आपल्या कार्यालयातील संगणकाची सिस्टीम जुनी झाली आहे. ती बदलून नवी टाकणे फायद्याचे ठरेल किंवा कसे, याबाबत आठ दिवसांत अभिप्राय कळवावा.’ हेडक्लार्कनी ते मोठ्याने वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "यात विचारायचं काय? बदलायची."

त्यावर सगळ्यांचे कप जागच्या जागी थांबले.

या कार्यालयात अधिकारी सोडून चौदा माणसं आणि एक संगणक. त्या संगणकाला अंगठ्याचं यंत्र जोडलेलं. सकाळी दहाला यायचं, अंगठा टेकवायचा. दहा वाजून पाच मिनिटं उलटली की नावापुढे लाल शेरा पडायचा आणि एकदा पडलेला लाल शेरा कुणाच्या बापालाही पुसता येत नसे. हेडक्लार्कना समोर सगळे भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे मिनिटकाटा. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही लाल शेरा नव्हता. वर्षातून एकदा मुख्य कार्यालय दर कार्यालयातल्या एका माणसाला वक्तशीरपणाचं प्रमाणपत्र देत असे. अशी तीस प्रमाणपत्रं त्यांच्या घरी भिंतीवर होती. एकतिसावं या महिनाअखेर मिळायचं होतं आणि त्याच दिवशी ते निवृत्त व्हायचे होते. माणसाला आयुष्यात काहीतरी हवं असतं. त्यांना ते एकतिसावं हवं होतं.

"भाऊसाहेब, चालत्या गाडीला खीळ कशाला?" पहिला आवाज आलोचचा. हा वजन-तपासनीस. फोन केला की कुठेही असला तरी ‘आलोच’ म्हणायचा, म्हणून हे नाव. येत मात्र कधी असे, ते त्यालाच ठाऊक.

"गाडी चालत नाही, ढकलावी लागते," भाऊसाहेब म्हणाले. "एक पत्र टाईप करायचं तर बाई मध्ये स्वेटर विणतात."

"माझी काही तक्रार नाही," टायपिस्ट बाई घाईने म्हणाल्या. "आणि आपला प्रिंटर बघा की. म्हातारा माणूस, त्याला नव्या सुनेशी जमणार आहे का?"

"नव्या सिस्टीमचे लाड फार असतात म्हणे. सारखी काहीतरी मागते."

"आमच्या मेहुण्याने बदलली. आगीतून उठून फुफाट्यात पडला."

एरवी छताचा पंखा बंद पडला तरी ज्यांचं एकमत होत नसे ती तेरा माणसं त्या दिवशी एका सुरात बोलत होती. भाऊसाहेबांना याचं नवल वाटलं. नवल वाटण्यासारखं होतंच, कारण खरं कारण एकट्या त्यांनाच माहीत नव्हतं.

कारण असं की, तो संगणक अठरा मिनिटं मागे होता. आठ वर्षांपूर्वी तो बसवायला आलेल्या माणसाने आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ भरली. ते घड्याळच मागे होतं. संगणक बाहेरच्या जगाशी जोडलेला नव्हता, त्यामुळे त्याला कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्याच्या तराजूत पाच ग्रॅमचा फरक निघाला तर सील ठोकणाऱ्या कार्यालयात आठ वर्षं अठरा मिनिटांचा फरक सुखाने नांदत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. लोक सकाळी संगणकाच्या वेळेने येत आणि संध्याकाळी आपापल्या मोबाईलच्या वेळेने जात. भाऊसाहेबही त्यातलेच, फक्त तोंडाने बोलत नाहीत, असा सगळ्यांचा समज होता.

भाऊसाहेब त्यातले नव्हते. ते मोबाईल वापरत नसत. रोज सकाळी अंगठा टेकवला की ते मनगटावरचं घड्याळ संगणकाशी जुळवून घेत. घरी गेले की भिंतीवरचं घड्याळ मनगटाशी जुळवत. बातम्या लावल्या की त्या नेहमी निम्म्या होऊन गेलेल्या असत. संध्याकाळची पावणेसहाची बस वेळेआधीच निघून जाते, अशा अकरा लेखी तक्रारी त्यांनी बस कंपनीकडे केल्या होत्या. आठ वर्षं त्यांचं ठाम मत होतं की जगाला उगाच घाई झाली आहे.

तर भाऊसाहेबांनी तेरा जणांचा विरोध नोंदवून खाली लिहिलं, ‘तथापि बदल आवश्यक.’ अधिकारी मॅडम नव्याने बदलून आलेल्या होत्या. त्यांनी ‘तथापि’च्या पुढचं वाचलं आणि सही केली. पुढच्या आठवड्यात संगणक दुरुस्तीवाला आला. त्याने रविवारभर बसून नवी सिस्टीम टाकली, जुन्या नोंदी नव्यात ओतल्या, बाहेरची तार जोडली आणि निघून गेला. तार जोडताच संगणकाला खरी वेळ कळली.

सोमवारी सकाळी भाऊसाहेब नेहमीप्रमाणे घरून चालत निघाले आणि त्यांच्या घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी असताना दारात आले. आत बघतात तो सगळं कार्यालय जागेवर. टायपिस्ट बाईंनी दोन पत्रं टाईप केलेली. आलोच तर चक्क फाईल वाचत होता, आणि ती उलटीसुद्धा धरलेली नव्हती.

भाऊसाहेबांचा ऊर भरून आला. एकतीस वर्षं सांगितलं, शेवटी लोकांना पटलं. त्यांनी समाधानाने यंत्रावर अंगठा टेकवला.

यंत्र टुक करून वाजलं. पडद्यावर आलं, दहा सोळा. त्यापुढे लाल शेरा.

"हे काय?" भाऊसाहेब म्हणाले.

आलोचने फाईलमध्ये डोकं आणखी खाली घातलं.

"नव्या सिस्टीमचं घड्याळ पुढे आहे. अठरा मिनिटं. दुरुस्तीवाल्याला बोलवा."

दुरुस्तीवाला आला. त्याने पडद्याकडे पाहिलं, खिशातला मोबाईल काढून पाहिला आणि म्हणाला, "काका, बरोबर आहे."

"तुझा मोबाईल पुढे असेल."

"सगळ्यांचेच कसे पुढे असतील? विचारा ना यांना."

भाऊसाहेबांनी विचारलं नाही. ते जिना उतरून खाली गेले. कोपऱ्यावरच्या शिंप्याला वेळ विचारली, औषधाच्या दुकानात विचारली, रस्त्याने चाललेल्या एका अनोळखी बाईंना विचारली. त्या बाईंनी वेळ सांगितली आणि पर्स जरा घट्ट धरली. भाऊसाहेब परत वर आले ते जिन्याचा कठडा धरून.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच," आलोच हळूच म्हणाला. "आम्हाला वाटलं तुम्हाला माहितीय."

त्या संध्याकाळी ते घरी गेले आणि कोट न काढताच खुर्चीत बसले. बायकोने पाणी दिलं. त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे घड्याळ चुकून मागे होतं?" बायको म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही मुद्दामच ठेवता. लोक पुढे ठेवतात, हे मागे ठेवतात. म्हटलं, असतो एकेकाचा स्वभाव."

"अगं, मग सांगायचं नाहीस एकदा?"

"अहो, तुम्हाला वेळेबद्दल कोण सांगणार? सांगून बघितलं असतं तर मलाच लाल शेरा दिला असतात."

भाऊसाहेबांना वाईट वाटलं, आणि तसं ते बोललेही. "मी आठ वर्षं रोज उशिरा गेलो गं. रोज. आणि वर लोकांना उपदेश करत होतो." त्या रात्री ते भिंतीवरच्या शेवटच्या आठ चौकटींकडे पाठ करून जेवले.

दुसऱ्या दिवशी खऱ्या दहाच्या आधी येऊन त्यांनी मॅडमच्या नावाने अर्ज लिहायला घेतला. ‘मी गेली आठ वर्षे दररोज अठरा मिनिटे उशिरा येत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ ही बातमी टेबलांवरून फिरली तसे सगळ्यांचे चेहरे उतरले. एकाची चौकशी लागली की तेराजणांची लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"भाऊसाहेब, असं काय करता," टायपिस्ट बाई समजूत घालायला आल्या. "तुम्ही उशिरा आलात, तसे उशिरा गेलातही ना? संध्याकाळी निघायचात कधी?"

"साडेपाचला."

"संगणकाच्या साडेपाचला?"

"मग दुसरे कुठले साडेपाच होते माझ्याकडे?"

"मग झालं तर. अठरा मिनिटं उशिरा आलात, अठरा मिनिटं जास्त बसलात. कामाचे तास पुरे भरले. फिटंफाट."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर जरा रंग आला. मग त्यांनी सावकाश सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या साडेपाचला निघायचात?"

बाईंना एकदम टाईप करायचं काहीतरी आठवलं. आलोचला बाहेर एक तराजू तपासायचा होता.

भाऊसाहेबांनी पुन्हा पेन उचललं. अर्जात आपल्या संध्याकाळच्या अठरा मिनिटांची भर घातली आणि शेवटी लिहिलं, ‘सदर अर्ज केवळ माझ्यापुरता आहे.’ खोटं बोलायचं नव्हतं, आणि निरोपाच्या महिन्यात तेरा घरांचे शिव्याशापही घ्यायचे नव्हते.

मॅडमनी अर्ज वाचला. "हे बघा, कार्यालयाची वेळ म्हणजे कार्यालयाच्या संगणकाची वेळ. जुन्या नोंदी होत्या तशाच ग्राह्य. तुमची आठही वर्षं स्वच्छ आहेत."

"आणि सोमवारचा?"

"तो लाल शेरा ना? तेवढा आहे. पण त्यात काय, काढून टाकू." त्यांनी आपल्या मोबाईलचा पडदा भाऊसाहेबांपुढे धरला. "नव्या सिस्टीममध्ये ही सोय आहे. शेऱ्यावर बोट ठेवायचं, कारण निवडायचं. वाहतूक, तब्येत, घरगुती, इतर. कर्मचाऱ्याने मागणी टाकायची, मी मंजूर केली की झालं हिरवं. जुन्यात हे नव्हतं."

"म्हणजे आता शेरा पुसता येतो?"

"एका मिनिटात."

भाऊसाहेबांनी पडद्यावरची कारणं एकेक करून वाचली. ही सिस्टीम त्यांनीच आणली होती, तेरा जणांशी भांडून. एकतिसावं प्रमाणपत्र त्या चार शब्दांच्या पलीकडे उभं होतं, आणि चारांतला कुठलाही शब्द चालला असता.

"यातलं एकही कारण खरं नाही," ते म्हणाले.

"‘इतर’ टाका."

"नको मॅडम. मला उशीर झाला होता. व्यापाऱ्याच्या मापात कमी भरलं तर आपण कारण विचारत नाही. राहू दे."

मॅडमनी खांदे उडवले आणि दुसरी फाईल ओढली. दार उघडंच होतं. ‘इतर’ हा शब्द बाहेर तेरा जणांनी स्पष्ट ऐकला.

त्यानंतरच्या दिवसांत कार्यालयाचा नव्या सिस्टीमबद्दलचा राग ओसरला. लोक पूर्वीसारखेच आरामात येऊ लागले. कुणी वाहतूक टाकलं, कुणी तब्येत. बहुतेकांनी चालू महिन्यापुरतं पुसून घेतलं. आलोच मात्र जात्याच हुशार. जुन्या नोंदीही आत आहेत आणि त्यांच्यावरही बोट ठेवता येतं, हे त्याच्या लक्षात आलं. तो आयुष्यात पहिल्यांदा सलग चार तास एका जागी बसला आणि वर्षभरातल्या एकशे त्रेचाळीस शेऱ्यांपुढे कारणं भरली. मॅडमपुढे यादी गेली तेव्हा खाली ‘सर्व मंजूर’ असं एक बटण होतं. त्यांनी ते दाबलं.

महिनाअखेर मुख्य कार्यालयाचं पाकीट आलं. निवड आता सिस्टीमच करत होती. प्रमाणपत्रावर मजकूर छापलेला, ‘वर्षभरात एकदाही उशीर न केल्याबद्दल’, नावाची जागा कोरी. सोबतच्या चिठ्ठीवर नाव होतं. कोऱ्या जागेत नाव लिहायचं काम ज्याचं अक्षर वाचता येतं त्याचं, म्हणजे या कार्यालयात भाऊसाहेबांचंच.

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मग शाईचं पेन काढलं आणि वळणदार अक्षरात आलोचचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, कागदाच्या मधोमध लिहिलं. शाई वाळेपर्यंत थांबले. आलोच अजून यायचा होता. तो पावणेअकराला आला.

"घे," भाऊसाहेब म्हणाले. "अभिनंदन."

आलोचने प्रमाणपत्र दोन्ही हातांत धरून वाचलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एवढ्या वर्षांत त्याला कुणी कागद दिला होता तो ताकिदीचाच. त्याने वाकून भाऊसाहेबांना नमस्कार केला.

"भाऊसाहेब, खरं सांगू?" तो म्हणाला. "मी उगाच विरोध करत होतो. सिस्टीम बदललीत ते फार चांगलं केलंत."