सतरा पाव्हणे

"मोबाईल घ्याले पैसा लागते, पण चालवाले अक्कल लागते," असं ब्रह्मपुरीचा मुखरू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं. दोन हजार पाच साली त्यानं दोन मोबाईल घेतले, स्वतःला नवा आणि घरी जुना. घरचा फोन भिंतीतल्या देवळीत, बायको कमळाबाईनं विणलेल्या रुमालाखाली असायचा. आणि मुखरूची अक्कल अशी, की चार महिन्यांत तो फोनवर जवळजवळ बोललाच नव्हता. सगळा कारभार मिस कॉलवर.

त्याचे नियम ठरलेले होते. एक मिस कॉल म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे उशीर होईल, जेवून घ्या. तीन म्हणजे तीन पाव्हणे संगं येऊन राह्यले, सैपाकाला लागा, आणि तीनच्या वर जितके वाजतील तितकी माणसं वाढवा. काही झालं तरी फोन उचलायचा नाही. एकदा मयुरीनं चुकून उचलून "हॅलो बाबा" म्हटलं होतं. फोन उचलल्यानं पैसे कसे फुकट जातात, हे मुखरूनं तिला त्याच फोनवर पाच मिनिटं समजावून सांगितलं. तेव्हापासून घरात कोणी त्या हिरव्या बटणाच्या वाटेला जात नसे.

चैत्रात आरमोरीच्या पलीकडच्या एका गावाहून मयुरीसाठी स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं. पाव्हण्यांनी एकदा येऊन मुलगी पाहावी, असं सांगायला मुखरू भल्या सकाळी लुनावर निघाला. जमलं तर त्यांना सोबतच घेऊन येणार होता. त्या गावात मात्र रेंज नव्हती. गावाच्या दोन कोस अलीकडे जंगलात एक चढ होता आणि चढावर एक जुनं मोहाचं झाड. त्या मोहावर चढलं की फोनमध्ये एक काडी दिसते, हे मुखरूला पक्कं माहीत होतं. दोन कोस आधीच "पोचलो" कळवण्यात काही गैर आहे, असं त्याला वाटलं नाही. त्यानं लुना बुंध्याला टेकवली, चप्पल काढली आणि तो वर चढला.

पहिला मिस कॉल दिला, फोन खिशात ठेवला आणि उतरायला पाय खाली सोडला, तेव्हा बुंध्याशी अस्वल होतं.

रात्रभर पडलेल्या फुलांचा पिवळा सडा खाली होता आणि अस्वल तो निवांत वेचून खात होतं. मधेच त्यानं लुनाची सीट हुंगली. मुखरूनं पाय वर घेतला आणि दोन फांद्या आणखी वर सरकला. एका हातानं फांदी धरून त्यानं घरचा नंबर लावला. आता पैशाचा प्रश्न नव्हता, तो मनापासून बोलायला तयार होता.

"उचल वं कमळा," तो पुटपुटला. घंटी वाजून वाजून बंद झाली. त्यानं परत लावला. परत कोणी उचलला नाही.

तिकडे घरी कमळाबाईनं कोळशानं भिंतीवर तिसरी रेघ ओढली होती आणि मयुरीला साडी नेसायला पिटाळलं होतं. पाव्हणे येत होते. चौथी रेघ ओढली, पाचवी ओढली. आठव्या रेघेला तिनं शेजारच्या बायनाबाईला हाक मारली आणि भात शिजवायचा तिचा मोठा गंज मागवला. दहाव्या रेघेला दोन कोंबडे कापायचं ठरलं. बायनाबाई म्हणाली, एवढी माणसं म्हणजे पोरगी पाहणं नाही, साक्षगंध उरकून सोयरीकच पक्की करायचा बेत दिसतो. ही बातमी अर्ध्या तासात आळीभर झाली आणि लोक आपापल्या घरच्या सतरंज्या घेऊन आले.

फक्त मयुरीला शंका आली. "आई, बाबाले काई झालं तर नसंल? एकदा उचलून तर पाहू."

"नोको. पोरी, तुह्या बापानंच सांगतलं हाय. उचलला का चिडते मंग."

मुखरूच्या फोनमध्ये घराशिवाय एकच नंबर होता, मोबाईलच्या दुकानदाराचा. त्यानं तो लावला. दुकानदारानं लगेच उचलला. मुखरू दबल्या आवाजात म्हणाला, मी झाडावर अडकलो आहे, खाली अस्वल आहे. आवाज तुटत होता. दुकानदाराला "अडकलो" तेवढं ऐकू गेलं. त्यानं सांगितलं की सेट अडकत असेल तर बिल घेऊन अकरानंतर दुकानात या.

मग मुखरू पुन्हा घरी लावत राहिला. सतराव्या कॉलनंतर बॅटरी संपली.

ऊन वर आलं तेव्हा टोपली घेऊन एक म्हातारी मोह वेचायला आली. तिचं नाव बुधरी. तिनं अस्वल पाहिलं, कंबरेचा डबा काठीनं बडवला आणि गुरं हाकावीत तशी दोन शिव्या हासडल्या. अस्वल कुरकुरत झुडपात गेलं. मग तिनं वर पाहिलं.

"मोह खालीच पडते, बापू," ती म्हणाली. "वर काऊन गेला?"

उतरताना मुखरूचा सदरा फाटला आणि गुडघा सोलून निघाला. असल्या अवतारात पाव्हण्यांकडे जाण्यात अर्थ नव्हता. त्यानं लुना उलटी फिरवली.

घरासमोर आळी जमली होती. मयुरी साडीत घामाघूम उभी होती. लुनावरून एकटा मुखरू उतरला, तसे सगळे त्याच्या मागं रस्त्याकडे पाहू लागले.

"बाकीचे सतरा कुठी हायेत?" कमळाबाईनं विचारलं.

मुखरूला सगळं सांगावं लागलं. कमळाबाईनं भिंतीवरच्या रेघा पुसल्या आणि आळीला जेवायला बसवलं. मयुरी आत पळाली आणि साडी बदलून हसत वाढायला आली. आपल्याला शिक्षक नवरा नकोच होता, हे तिनं त्या गडबडीत आईला सांगूनही टाकलं.

पंगतीत मुखरूच्या शेजारी नानाजी बसले होते. तीस वर्षं वनखात्यात काढलेला माणूस. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकली, कोंबडीचा रस्सा भुरकला आणि हात धुवायच्या आधी म्हणाले, "बाकी नशीबवान हायेस मुखरू. अस्वल झाडावर तुह्यापेक्षा बरं चढते."